वादळाची तयारी पोरांच्या हाती

एप्रिल-मे आला की अमेरिकेतल्या ओक्लाहोमात टॉर्नेडोचे, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या गरगरत्या वादळांचे, दिवस सुरू होतात. आपल्याकडे तेव्हा उन्हानं जीव नकोसा झालेला असतो, इथे सगळ्यांची नजर आभाळाकडे. माझी मुलगी आठवीत आहे. या वर्षी तिच्या शाळेनं वादळाच्या तयारीतली बरीच कामं मुलांकडेच दिली. ते पाहिल्यापासून यवतमाळ जिल्ह्यातली आमच्या गावची शाळा डोळ्यांसमोरून हलत नाही.

इथले लोक याबाबत इतके गंभीर का, तर २० मे २०१३. त्या दुपारी इथल्या मूर शहरावर ईएफ-५ म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचा टॉर्नेडो आला. वाऱ्याचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या पुढे. एकूण २४ माणसं गेली, त्यात प्लाझा टॉवर्स या प्राथमिक शाळेतली ७ मुलं होती. त्या शाळेत वादळात टिकेल अशी सुरक्षित खोली नव्हती. नवी इमारत बांधताना ती केली.

मुलीच्या वर्गाकडे पहिलं काम आलं मोजणीचं. आसऱ्याच्या जागेत माणशी ५ चौरस फूट धरतात, चाकाच्या खुर्चीसाठी १०. पोरांनी टेप धरून आतला कॉरिडॉर मोजला, काचेच्या दाराजवळचा भाग वगळला आणि गणित मांडलं. एक वर्ग मावत नव्हता. त्याच्यासाठी बिनखिडकीची संगीताची खोली त्यांनीच शोधून काढली. सहावीत नवीन आलेल्या प्रत्येकाला आठवीतला एक सोबती दिला.

सरावाच्या दिवशी पालक म्हणून मी तिथे होतो. भिंतीकडे तोंड, गुडघ्यावर बसून डोकं खाली, दोन्ही हात मानेवर. एक लहानखुरा मुलगा सायरन ऐकला की रडायचा, म्हणून बाईंनी त्याच्याच हातात हजेरीची वही दिली होती. ओठ थरथरत होते, पण तो एकेक नाव वाचत गेला आणि शेवटी वर बघून म्हणाला, "सगळे आहेत." पोरांना असलं काही सांगून घाबरवू नये, असं म्हणणारे पालक इथेही आहेत. मला ते अजिबात पटत नाही.

हे सगळं आमच्या थोरल्या चुलतभावाला फोनवर सांगितलं. दादा जिल्हा परिषद शाळेत गुरुजी आहेत. ते म्हणाले, "बापू, आपल्याकडं थे टॉर्नेडो नाही येत. पण ईज त दरसाल पडते, अन् पाऊस आला का पोट्टे निंबाखालीच पयतात."

खरंच आहे. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे नेमक्या विजा-पावसाच्या दिवसांत. मी म्हटलं, "दादा, तुम्ही सातवीच्या पोरांना आकडे मोजायला लावा." वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदही झाले नाहीत, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच घंटा द्यायची, मैदानावरची, हापशीवरची पोरं आत घ्यायची. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणाला बाहेर सोडायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप गुरुजींच्या मोबाइलवर असावंच, पण रेंज गेली तरी पोरांची मोजणी चालू राहते.

दादांनी त्यात स्वतःची भर घातली, आणि ती माझ्या डोक्यात आलीच नसती. खिचडी शिजवणाऱ्या ताई उघड्या टिनाच्या शेडमध्ये असतात. घंटा झाली की चूल तशीच सोडून त्यांनीही वर्गात यायचं, आणि त्यांना बोलवायला जाणारी पोरगी आधीच नेमलेली असेल. शेडचे सैल झालेले पत्रे कुठले, हेही पोरंच खालून बघून लिहून देणार, वर मात्र कुणी चढायचं नाही. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर प्रत्येक वर्गाच्या दारावर रंगवायचा.

हे सगळं दादा आता शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवणार आहेत. नाला ओलांडून घरी जाणाऱ्या पोरांची यादी करायला त्यांनी सातवीला सांगितलं आहे. पूर चढला तर त्या पोरांना शाळेतच थांबवायचं, एवढं ठरलं. पाणी रात्रीपर्यंत उतरलं नाही तर कोणतं पोर गावात कुणाच्या घरी राहील, हे अजून ठरायचं आहे.