तुम्ही विचारलंत म्हणून: छोट्या लग्नात कुत्र्यांना कसे सामावून घ्यावे

आमच्या लग्नाची छायाचित्रे पाहिलेली अनेक तरुण जोडपी, आणि कधी कधी त्यांचे काळजीत पडलेले आईवडील, मला एक प्रश्न हमखास विचारतात. लग्नात दोन्ही कुत्र्यांना सामील करून घेतलेत आणि तेही एवढ्या कमी खर्चात, ते कसे जमवलेत, असा तो प्रश्न असतो. विचारणाऱ्यांच्या मनात या दोन वेगवेगळ्या अडचणी असतात. कुत्र्यांना आणायचे म्हणजे खर्च वाढणार आणि खर्च आवरायचा म्हणजे कुत्र्यांसारखी हौस सोडावी लागणार, असे त्यांनी गृहीत धरलेले असते. माझे म्हणणे नेमके उलट आहे. लग्नात जिथे जिथे सर्वाधिक पैसा जातो, म्हणजे मंगल कार्यालय, ध्वनिवर्धक, बँड, फटाके, प्रखर दिवे आणि शेकडो पाहुणे, नेमक्या त्याच गोष्टी कुत्र्याला सोसत नाहीत. त्यामुळे कुत्र्याला झेपेल असे लग्न ठरवायला बसलात, तर ते बहुतेक वेळा आपोआप स्वस्त होते.

बंड्या हा माझ्या माहेरचा लॅब्रेडोर. चिंगी ही माझ्या नवऱ्याने पुण्याच्या रस्त्यावरून घरी आणलेली गावठी कुत्री. बंड्याला माणसांचा घोळका म्हणजे पर्वणी वाटते, तर चिंगी अनोळखी माणूस दारात आला की पलंगाखाली जाते आणि दिवाळीचे चार दिवस न्हाणीघरात काढते. लग्नात ‘कुत्र्यांना’ काय काम द्यावे, असा विचार आम्ही कधी केला नाही. बंड्याला काय झेपेल आणि चिंगीला काय झेपेल, याचा विचार वेगवेगळा केला, आणि तुम्हीही तसाच करावा असे मी आग्रहाने सांगेन.

लग्न आम्ही वाईजवळच्या आमच्या गावच्या घरासमोरील अंगणात केले. मंगल कार्यालयांत प्राण्यांना प्रवेश बहुधा नसतो आणि जिथे असतो, तिथेही त्याची बोली आधी लेखी करून घ्यावी लागते, नाही तर ऐन वेळी दारावरच्या माणसाशी हुज्जत घालावी लागते. घरच्या अंगणाला भाडे नव्हते आणि बंड्याला तिथला प्रत्येक कोपरा माहीत होता. मुहूर्त आम्ही मार्गशीर्षातला, बुधवारचा आणि सकाळी साडेनऊचा धरला. आठवड्याच्या मधल्या दिवशी आचारी, मांडववाले आणि छायाचित्रकार मोकळे असतात आणि दरही कमी सांगतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या दिवसांत सकाळी हवेत गारवा असतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच ते शरीराची उष्णता बाहेर टाकते. त्यामुळे वैशाखातल्या दुपारी मांडवाखाली त्याला तासभर उभे करणे हा छळच होय, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत तर तो जिवावरचा धोका आहे. तापलेल्या शहाबादी फरशीवर तळपाय भाजतात ते वेगळेच. शेणाने सारवलेले अंगण थंड राहते, शिवाय त्यावर पाय घसरत नाहीत.

पाहुणे साठ-सत्तर होते. प्रत्येक घराला बोलावणे करताना आम्ही फोनवर स्पष्ट सांगितले की अंगणात एक कुत्रा असेल, तो बांधलेला असेल, आणि कोणाला भीती वाटत असेल किंवा कुत्र्यांच्या केसांचा त्रास होत असेल तर आधी कळवावे. एका काकूंनी तसे कळवले. त्यांची खुर्ची आम्ही दूरच्या बाजूला, घराच्या पायरीजवळ मांडली आणि त्या निश्चिंतपणे बसल्या. साठ पाहुण्यांच्या बाबतीत असे विचारता येते, सहाशेंच्या बाबतीत येत नाही. दोन्ही कुत्र्यांचे रेबीजचे लसीकरण त्या वर्षाचे होते की नाही, हेही आम्ही आधी तपासले. ज्या घरात लहान मुले येणार आहेत, तिथे यजमानांनी एवढे करायलाच हवे.

विरोध झाला, तो माझ्या चुलत आजोबांकडून. मंगलकार्यात कुत्रे म्हणजे अपवित्र, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना उत्तर माझ्या आजीने दिले. आमचे कुलदैवत खंडोबा. घोड्यावर बसलेल्या देवाच्या मूर्तीत आणि टाकांवर त्याच्याबरोबर कुत्रा असतो, आणि त्याचे वाघे स्वतःला देवाचा कुत्रा मानून भुंकतात. लग्नानंतर ज्या देवाचे जागरण घालायचे, त्याच्या सोबत्याला लग्नात मज्जाव कसा करायचा, एवढेच आजीने विचारले. दत्तात्रेयाच्या पायाशी असलेली चार कुत्रीही तिने त्यांना आठवून दिली. आजोबांना ते पटले. घरोघरी अशी आजी नसते हे मला ठाऊक आहे, परंतु मराठी घरात कुत्र्याला लग्नात आणणे हे परदेशी खूळ आहे असे कोणी म्हणत असेल, तर त्याला जेजुरीकडे बोट दाखवता येते. आम्ही दोघे नंतर जेजुरीला गेलो, तेव्हा मात्र कुत्र्यांना नेले नाही. पायऱ्या, गर्दी आणि डोळ्यांत जाणारा भंडारा यांत त्यांना सुख कसले वाटणार?

आता तयारीविषयी. दोन घरांची कुत्री एका घरात नांदणार असतील, तर त्यांची ओळख लग्नाच्या दिवशी करून देऊ नका. आमच्या कुत्र्यांची पहिली भेट लग्नाच्या कितीतरी महिने आधी एका मोकळ्या टेकडीवर झाली, जिथे कोणाचेच राज्य नव्हते. पुढे ती एकत्र फिरली आणि शेवटी एकमेकांच्या घरी गेली. सनई-चौघड्याची ध्वनिफीत आम्ही लग्नाच्या आधीचे काही आठवडे त्यांच्या जेवणाच्या वेळी अगदी हळू आवाजात लावत होतो आणि तो आवाज थोडा थोडा वाढवत होतो. माणसाला ऐकू येणारा आवाज वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचा, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचा ऐकू येतो. आपल्याला साध्या वाटणाऱ्या ध्वनिवर्धकाची शिट्टी त्याच्या कानाला काय करत असेल, याची कल्पना त्यावरून करावी. आम्ही लग्नात ध्वनिवर्धक लावलाच नाही. अंगणात भटजींचा आवाज सर्वांपर्यंत पोहोचत होता. छायाचित्रकाराला ड्रोन आणू नये असे सांगितले आणि तेवढे पैसे वाचले. मांडव दोन दिवस आधी घातला, म्हणजे बंड्याला प्रत्येक खांब हुंगून घेता आला. चिंगीला पुण्याहून गाडीने, उपाशीपोटी, त्याच वेळी आणले, कारण भरल्या पोटी तिला गाडी लागते.

चिंगीचा सहभाग आदल्या संध्याकाळच्या हळदीपुरता होता. त्या वेळी घरचीच माणसे होती, गाणी जात्यावरची आणि हळू आवाजातली होती. माझ्या सासूबाईंनी तिच्या कपाळाला हळदीचे बोट लावले आणि ती तशीच त्यांच्या मांडीला टेकून बसून राहिली. लग्नाच्या सकाळी ती मागच्या खोलीत स्वतःच्या गोधडीवर होती, दार बंद होते आणि किल्ली एकाच माणसाजवळ होती. चिंगी लग्नात नव्हती का, असे काही जण छायाचित्रे पाहून विचारतात. ती होती. तिला आवडेल तेवढी होती.

बंड्याला काम मिळाले ते मामाबरोबरचे. मामा मला बोहल्याकडे घेऊन आला, तेव्हा बंड्या त्याच्या डाव्या बाजूने चालत होता. त्याचे गळ्यातले फडके आईच्या चोळीतून उरलेल्या खणाचे होते, गावच्या शिंप्याने ते शिवून दिले. मुंडावळ्या बांधण्याची हौस बऱ्याच जणांना होती, मी ती मोडून काढली. डोळ्यांपुढे लोंबणारी कोणतीही वस्तू कुत्र्याला अस्वस्थ करते आणि मोत्यांची माळ तो चावून गिळू शकतो. हाराबद्दलही सांगते. झेंडू आणि गुलाब सुती दोऱ्यात ओवून घ्यावेत, तार वापरू देऊ नये. शेवंती कुत्र्याच्या पोटात गेली तर वांत्या होतात, आणि कण्हेर तर प्राणघातक विष आहे, म्हणून त्या दोन्ही फुलांना आमच्या मांडवात थारा नव्हता. मंगळसूत्र किंवा अंगठी कुत्र्याच्या गळ्यात बांधून आणण्याची कल्पना विसरून जावी, असे माझे मत आहे. सोने त्याच्या भरवशावर सोडून आपणही घाबरलेले राहतो आणि त्याच्यावरही ओरडतो.

अंतरपाट धरला गेला आणि पहिली मंगलाष्टके होईपर्यंत बंड्या मामाशेजारी बसून राहिला. शेवटच्या ‘सावधान’नंतर टाळ्या, वाजंत्री आणि अक्षता एकदम सुरू होतात, म्हणून त्याआधीच त्याला बाहेर नेण्याचे ठरलेले होते. अक्षतांऐवजी आम्ही फुलांच्या पाकळ्या दिल्या होत्या, तरी टाळ्यांचा कल्लोळ होणारच होता. पुढे लाजाहोम, धूर आणि उघडा अग्नी, त्या वेळी मोकळा कुत्रा आसपास असता कामा नये. अर्ध्या तासाहूनही कमी वेळ तो मांडवात होता, आणि कुठल्याही कुत्र्यासाठी तेवढा पुरे.

त्याला नेणारा मुलगा आमच्या शेजारचा, त्याला रोज फिरवणारा. या एका गोष्टीवर मी सर्वांत जास्त भर देते. कुत्र्यासाठी एक माणूस नेमा, कुत्र्याला त्याची सवय असू द्या आणि त्या दिवशी त्याला दुसरे कोणतेही काम सांगू नका. नवरा-नवरी ते करू शकत नाहीत. पाहुण्यांच्या पानांकडे बघणारे आईवडीलही करू शकत नाहीत. त्या मुलाला आम्ही सांगून ठेवले होते की बंड्या वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, शेपूट पायांत घेऊ लागला किंवा गारव्यातही धापा टाकू लागला, तर मुहूर्ताची पर्वा न करता त्याला घेऊन निघून जावे. त्याने कोणाला विचारण्याची गरज नाही, इतका अधिकार त्याला दिला होता. आहेर त्याला करवलीइतकाच केला. गुंगीचे औषध देऊन कुत्र्याला लग्नात बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नका. ज्या कुत्र्याला त्याची गरज भासते, त्याची जागा त्या दिवशी त्याच्या नेहमीच्या घरी आहे.

जेवणाच्या पंगतीत धोका सर्वांत अधिक असतो, कारण तिथे प्रेमाने घास भरवणारे असतात. कांदा आणि लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात, म्हणजे भजी आणि मसालेभात बाद. शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडे निकामी करू शकतात, चॉकलेटही विषारी आहे. श्रीखंडातल्या जायफळाचेही कौतुक नको. सामिष जेवण असेल तर शिजलेली हाडे दातांखाली फुटून त्यांचे टोकदार तुकडे होतात आणि ते आतड्यात रुततात. पंगत बसली तेव्हा दोन्ही कुत्री मागच्या खोलीत होती आणि त्यांना त्यांच्या रोजच्या वेळी मीठ-मसाल्याशिवाय उकडलेली कोंबडी आणि भात मिळाला. पशुवैद्याची तपासणी, खणाची शिलाई, नवा पट्टा आणि ही कोंबडी धरून कुत्र्यांवरचा आमचा सगळा खर्च दोन-अडीच हजारांच्या आत राहिला.

पंजाच्या ठशाविषयीही पुष्कळ जण विचारतात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात विवाहाच्या दाखल्यावर कुत्र्याच्या पंजाचा ठसा उमटवणारी जोडपी आहेत, त्याची छायाचित्रे इकडेही फिरतात. आपल्याकडे तसे चालत नाही. खर्च वाचवण्यासाठी जे 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न करतात, त्यांना तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि घोषणापत्रावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात, ते साक्षीदार अर्थातच माणसे असतात. अशा जोडप्यांनी कुत्र्यांना कार्यालयाच्या गर्दीत नेऊ नये, संध्याकाळी घरी त्यांच्यासह वेगळे बसावे. आम्ही ठसा घेतला तो पत्रिकेवर. पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटे लावतातच, त्याच हळदीत पाणी कालवून दोघांचा एकेक पंजा एका पत्रिकेवर उमटवला. शाई किंवा बाजारी कुंकू वापरले नाही, कारण कुत्रे नंतर पंजा चाटतेच.

लग्न खेड्यात असेल तर आणखी एक काम आठवडाभर आधी उरकावे. जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कुठे आहे, तो किती वाजेपर्यंत उघडा असतो आणि नंतर कोणाला बोलवायचे, हे विचारून तो क्रमांक कुत्र्याजवळच्या माणसाच्या फोनमध्ये टाकून ठेवावा. आणि तुमच्या नेहमीच्या पशुवैद्यांना तारीख कळवावी, म्हणजे त्या दिवशी ते फोनवर तरी मिळतील.