अब्राहामाच्या डाव्या हातातला सुरा

एका खासगी संग्रहातून तपासणीला आलेल्या कागदावर बायबलातला अब्राहाम आपल्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला उभा होता, आणि सुरा त्याच्या डाव्या हातात होता. पाठीमागे कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं: ‘हीम्सकर्कच्या छापचित्रावरून नक्कल.’

मार्टेन व्हान हीम्सकर्क (1498–1574) हार्लेमचा. बायबलातल्या प्रसंगांची रेखाटनं तो करून द्यायचा. तांब्याचे पत्रे कोरायचे कोर्नहर्ट, फिलिप्स गाले यांच्यासारखे कारागीर. पत्र्यावरचं चित्र छापताना आरशातल्यासारखं उलटं उमटतं, म्हणून आराखड्यात माणसं मुद्दाम डावरी काढायची. पण डावा हात दिसला की लगेच ‘मूळ आराखडा’ म्हणून मोकळं होता येत नाही. छापचित्रांच्या उलट्या नकलाही तेव्हा सर्रास निघत. (नकलांचं लोण इकडेही होतं: अकबराच्या चित्रशाळेतल्या केसूदासाने 1588 साली हीम्सकर्कच्याच रचनेच्या छापचित्रावरून संत मत्तय रंगवला.)

दिवे मालवून टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवा धरला. आराखडा पत्र्यावर उतरवताना मुख्य रेषा बोथट सुईने गिरवतात, त्यांची खाच कागदात राहते. इसहाकाच्या खांद्यापासून कोपरापर्यंत ती सलग दिसली. भिंगाखाली पाहिलं तर खाच शाईच्या मधोमध, आणि नेमकी तिथेच शाईची खपली तुटलेली. म्हणजे शाई आधी, सुई नंतर. खाचेत शाई साचलेली असती तर क्रम उलटा ठरला असता आणि पेन्सिलवाल्याचं म्हणणं खरं मानावं लागलं असतं.

मग इन्फ्रारेड कॅमेरा. 1000 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास माजूफळ-हिराकसाची (म्हणजे लोहाची) शाई जवळपास दिसेनाशी होते, खालचा काळा खडू तेवढा उरतो. त्यात बळी थांबवायला आलेल्या देवदूताचा हात आधी बराच वर काढलेला निघाला. समोर छापचित्र ठेवून नक्कल करणारा अशी चाचपणी कशाला करेल? तरी नोंदीत मी ‘छापचित्रासाठीचा आराखडा’ एवढंच लिहिलं. चित्रकाराच्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं.

मालकांना कागदामागचा जुना पुठ्ठा सोडवून हवा होता. चारही कोपरे खळीने चिकटवलेले, म्हणजे ओल देणं आलं. आधी शाईच्या कडेला किंचित दमट केलेली बॅथोफेनँथ्रोलीनची (मोकळं लोह ओळखणाऱ्या रसायनाची) पट्टी टेकवली. ती गुलाबी झाली. शाईत मोकळं लोह आहे. पाणी लागलं की ते आम्लासकट आजूबाजूच्या कागदात पसरतं, तपकिरी वलय उठतं आणि पुढे रेषेवरच कागद तडकतो. शाई नसलेले दोन कोपरे ओल अगदी थोडी सोडणाऱ्या घट्ट जेलने सोडवले. सुऱ्याकडचे दोन पुठ्ठ्यालाच राहू दिले.