पांढरा स्वच्छ डोळा

अपघात विभागातून सकाळी नऊला फोन आला. "मॅडम, नऊ वर्षांचा मुलगा आहे, भुवईपाशी छोटी जखम. टाके घालायला येता का? बाकी डोक्याचा मार आहे, ते आम्ही बघतोय."

आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास खेळताना दुसऱ्या मुलाचं कोपर त्याच्या डाव्या डोळ्यावर बसलं होतं. रात्रभर दुसऱ्या दवाखान्यात देखरेखीखाली ठेवलेलं. मेंदूचा सीटी स्कॅन चांगला होता, पण उलट्या थांबेनात म्हणून सकाळी आमच्याकडे आणला. मुलगा मलूल पडून होता. नाडी ५६. उलट्या, सुस्ती, मंद नाडी म्हटलं की कुणाच्याही मनात मेंदूचीच धास्ती येणार.

भुवईवरची जखम जेमतेम एक सेंटिमीटर. डोळा उघडून बघितला तर पांढरा स्वच्छ. लाली नाही, रक्त साकळलेलं नाही, पापणीला सूजही नावापुरती. आई म्हणाली, "डॉक्टर, डोळ्याला काही झालेलं नाही ना? तो उघडायलाच तयार नाही." तिच्या त्या दुसऱ्या वाक्याने मी थबकले.

"राजा, मान हलवायची नाही. नुसत्या डोळ्यांनी माझ्या बोटाकडे बघ." बोट वर नेलं. उजवं बुबुळ बोटामागे वर गेलं. डावं मधोमध होतं तिथेच राहिलं, जणू खालून कुणी धरून ठेवलंय. त्याच क्षणी पोराला उमासा आला आणि मॉनिटरवरचा आकडा ५६ वरून ४४ वर उतरला. बोट खाली घेतलं, आकडा वर आला. पुन्हा करून बघायची गरज नव्हती.

मोठ्या माणसाच्या डोळ्यावर असा मार बसला की खोबणीचा तळ अंड्याच्या टरफलासारखा फुटतो. डोळा काळानिळा होतो, कुणाच्याही नजरेत भरतो. लहान मुलांचं हाड मात्र ओल्या फांदीसारखं. ते तुटून पडत नाही, वाकतं, क्षणभर खाली उघडतं आणि झडपेसारखं परत जागेवर बसतं. तेवढ्या क्षणात डोळ्याखालचा स्नायू आणि भोवतीची चरबी फटीत उतरलेली असते, ती तिथेच चिमटली जाते. स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. १९९८ साली जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी याला 'व्हाइट-आइड ब्लोआउट' असं नाव दिलं, म्हणजे खोबणीचा तळ मोडलेला, पण डोळा पांढरा स्वच्छ. उलट्या आणि मंद नाडी हीसुद्धा त्या चिमट्याचीच करणी. स्नायू ओढला गेला की चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेवाटे निरोप मेंदूकडे जातो आणि व्हेगस नस हृदयाला लगाम घालते. ही प्रतिक्षिप्त क्रिया १९०८ पासून माहीत आहे, तरी आजही ती डोक्याच्या मारात जमा होते.

मला आठवली ती काही वर्षांपूर्वीची मुलगी. असाच स्वच्छ डोळा, माझ्यापर्यंत पोचली नवव्या दिवशी. स्नायू सोडवला, पण तोवर तो चिवट होऊन गेला होता. वर बघायचं झालं की ती आजही हनुवटी उचलते. म्हणून मी त्या सकाळी कुणाला दम घेऊ दिला नाही. खोबणीचा नवा सीटी समोरून कापांत करून घेतला. हाडाचा मोड शोधावा लागला, केसाएवढी रेघ. पण त्या रेघेखाली, गालाच्या हाडातल्या पोकळीत, म्हणजे सायनसमध्ये, थेंबासारखं काहीतरी लोंबत होतं.

आईला समजावलं, "ताई, हे आजच करायचं, उद्यावर ढकलायचं नाही." तिने एकच विचारलं, चेहऱ्यावर व्रण राहील का. नाही, खालच्या पापणीच्या आतून जाता येतं.

दुपारी दोन वाजता मूल भुलीखाली होतं. भूलतज्ज्ञांनी नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिन हाताशी ठेवलं. चिमट्याने डोळा धरून वर फिरवून बघितला, हलेना. आतून तळापाशी पोचलो तेव्हा फट दिसली आणि तिच्यात गेलेला मांसाचा तुकडा, निळसर. मोह होतो ओढायचा. ओढला तर फाटतो. हाडाची कड हळूच दाबून फट रुंद करायची, मगच उचलायचं. अर्ध्यात "थांबा!" असा आवाज आला, नाडी ३८. हात जागच्या जागी सैल केले. आकडा वर चढेपर्यंतचे ते सेकंद मी श्वास मोजून काढले. दुसऱ्या प्रयत्नात स्नायू सुटला. परत चिमट्याने फिरवला तर डोळा चहूकडे मोकळा. निळसरपणा जाऊन गुलाबी छटा यायला लागली होती.

एक सांगायचं राहिलं, कारण जातकुळी तीच. हनुवटी फुटलेलं मूल आलं की कानापुढच्या सांध्यावर बोट ठेवून तोंड उघडायला लावल्याशिवाय मी टाके घालत नाही. हनुवटीवरचा धक्का जबड्याच्या सांध्यापर्यंत जातो. तिथला मोड नजरेतून निसटला तर सांधा जखडू शकतो, पुढे तोंड उघडत नाही आणि जबड्याची वाढही खुंटते.

मुलाच्या उलट्या त्याच रात्री थांबल्या, सकाळी त्याने स्वतःहून खायला मागितलं. दोन-दोन दिसणं मात्र लगेच जात नाही. सहाव्या आठवड्यात टॉर्च समोर धरला, "एकच दिसतोय." थोडा वर नेला, "एकच." अगदी कपाळाच्या वर नेल्यावर तो गप्प झाला, मग म्हणाला, "आता दोन." कागदावर मी ती जागा खूण करून ठेवली. आधीच्या खुणेपेक्षा ती बरीच वर होती. व्यायाम चालू ठेवायला सांगून तीन आठवड्यांनी परत बोलावलंय.