अँड्र्यू फिशर आणि ते एक वाक्य

अँड्र्यू फिशरचं नाव निघालं की पाठोपाठ ते वाक्य येतंच. "शेवटचा माणूस आणि शेवटचा शिलिंग." तारीख ३१ जुलै १९१४, व्हिक्टोरियातलं कोलॅक नावाचं गाव, निवडणुकीची सभा, युरोपात युद्ध पेटणार हे दिसायला लागलेलं, आणि फिशर म्हणाला की ब्रिटनच्या मदतीला आणि रक्षणाला आम्ही शेवटच्या माणसापर्यंत, शेवटच्या शिलिंगपर्यंत उभे राहू. झालं. तीन वेळा ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झालेल्या माणसाचं एवढंच लक्षात ठेवायचं? मला हे पटत नाही, खूप दिवस मनात होतं, म्हणून आज लिहायला बसलोय.

फिशरचा जन्म १८६२ चा, स्कॉटलंडमधल्या एअरशायर भागातल्या क्रॉसहाउस गावचा. बाप कोळशाच्या खाणीत, आणि पोरगाही शाळा अर्धवट सोडून पोरवयातच खाणीत. पण घरात वाचनाची आवड होती, बाप गावातलं सहकारी दुकान काढणाऱ्यांपैकी एक, आणि फिशर दिवसभर खाणीत राबून रात्रशाळेला जायचा. सतरा वर्षांचा असताना तो खाणकामगारांच्या युनियनचा स्थानिक सेक्रेटरी झाला! पुढे संपात पुढे राहिल्यामुळे मालकांनी त्याचं नाव काळ्या यादीत टाकलं, म्हणजे आसपासच्या कुठल्याच खाणीत काम नाही. मग १८८५ मध्ये भावाबरोबर जहाजात बसला आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडला आला. तिथेही आधी कोळसा, मग जिंपीच्या सोन्याच्या खाणी, पुन्हा युनियन, पुन्हा मालकांशी वाकडं.

१८९३ मध्ये जिंपीतून क्वीन्सलँडच्या विधानसभेत निवडून आला, १८९६ ला पडला. पडल्यावर गप्प बसला नाही, मजुरांची बाजू मांडणारं 'जिंपी ट्रुथ' हे वर्तमानपत्र काढण्यात पुढे होता, आणि १८९९ मध्ये परत निवडून आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अँडरसन डॉसनचं सरकार आलं, जगातलं पहिलं मजूर पक्षाचं सरकार म्हणतात ते हेच, आणि त्यात फिशरकडे रेल्वे आणि बांधकाम खातं. सरकार टिकलं एक आठवडा. पण खाणीत वाढलेला माणूस मंत्र्याच्या खुर्चीवर बसू शकतो हे त्या एका आठवड्यात सगळ्यांनी बघितलं, आणि माझ्या मते तेवढंही पुष्कळ होतं.

१९०१ ला ऑस्ट्रेलिया एक देश झाला, पहिल्याच संसदेत फिशर वाइड बे मतदारसंघातून गेला. १९०४ मध्ये मजूर पक्षाच्याच वॉटसनच्या औटघटकेच्या सरकारात मंत्री, १९०७ मध्ये पक्षाचा नेता, नोव्हेंबर १९०८ मध्ये पंतप्रधान. त्या पहिल्या वेळी बहुमत नव्हतं, विरोधातले दोन्ही गट माजी पंतप्रधान डीकिनच्या मागे एक झाले आणि जून १९०९ मध्ये सरकार पडलं.

खरी गोष्ट एप्रिल १९१० ची. मजूर पक्ष दोन्ही सभागृहांत स्वतःच्या बहुमतावर निवडून आला, कुणाच्या टेकूशिवाय. पुढच्या तीन वर्षांत या सरकारने जे केलं ते वाचताना दमायला होतं. मोठ्या जमीनदारांवर कर, अपंगांना पेन्शन, देशाच्या स्वतःच्या नोटा, कॉमनवेल्थ बँक ही सरकारी बँक, नॉर्दर्न टेरिटरी हा उत्तरेकडचा प्रदेश केंद्राकडे घेणं, पश्चिम ऑस्ट्रेलियाला बाकीच्या देशाशी जोडणाऱ्या रेल्वेची सुरुवात. आणि अर्थखातंही फिशरकडेच, म्हणजे पैशाचा हिशोब त्याने दुसऱ्यावर सोडला नव्हता.

मला सगळ्यात भिडतो तो १९१२ चा बाळंतपणाचा भत्ता. मूल झालं की आईच्या हातात पाच पाउंड. १९०७ मध्ये कोर्टाने साध्या मजुराच्या कुटुंबाला जगायला आठवड्याला बेचाळीस शिलिंग (वीस शिलिंगांचा एक पाउंड) लागतात असं ठरवलं होतं, म्हणजे पाच पाउंड म्हणजे दोन आठवड्यांच्या मजुरीपेक्षा जास्तच, डॉक्टर किंवा सुईण बोलावता येईल एवढे. आणि लग्न झालेलं असो नसो, दोघींनाही. कुमारी मातांना सरकारी पैसे कसे काय म्हणून चर्चच्या लोकांनी ओरड केली, तरी सरकार मागे हटलं नाही. १९१२ साल आहे हे, विसरू नका.

पण याच कायद्यात लिहिलं होतं की आशियाई बाईला हा भत्ता नाही, आदिवासी बाईला नाही, पॅसिफिक बेटांवरच्या बाईला नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं थोडा वेळ. ज्याला मालकांनी काळ्या यादीत टाकलं होतं त्याच्याच सरकारने आयांची अशी यादी करावी? तेव्हा 'गोरा ऑस्ट्रेलिया' हे सगळ्याच मोठ्या पक्षांचं धोरण होतं, मजूर पक्ष त्यात पुढेच होता आणि फिशरही त्यातलाच. काळच तसा होता असं म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण ज्या बाईला पाच पाउंड मिळाले नाहीत तिचंही मूल त्याच काळात जन्मलं होतं.

आता त्याच्या घरातली एक गोष्ट. बायको मार्गारेट, जिंपीत तो जिच्या घरी भाड्याने राहायचा त्या बाईंची मुलगी. १९११ मध्ये फिशर राजा पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी आणि साम्राज्यातल्या पंतप्रधानांच्या परिषदेसाठी लंडनला गेला होता, तेव्हा तिथे बायकांचा मताच्या हक्कासाठी प्रचंड मोर्चा निघाला आणि मार्गारेट त्यात ऑस्ट्रेलियाच्या बायकांबरोबर चालली. ऑस्ट्रेलियात बहुतेक बायकांना १९०२ पासून देशाच्या निवडणुकीत मत होतं (आदिवासी बायकांना तिथेही बाहेर ठेवलेलं), ब्रिटनमध्ये नव्हतं. पंतप्रधानाची बायको लंडनच्या रस्त्यावर मोर्चात, हे डोळ्यासमोर आणून बघा.

१२ मार्च १९१३ ला मोकळ्या माळावर नव्या राजधानीच्या पायाचे दगड बसवले, एक गव्हर्नर जनरल डेनमनने, एक फिशरने, एक मंत्री किंग ओमॅलीने. मग लेडी डेनमनने सोन्याच्या सिगारेट केसमधून कार्ड काढून नाव वाचलं, कॅनबेरा. तोवर ते नाव जाहीर झालेलं नव्हतं. खाणीतून आलेला माणूस राजधानीचा दगड बसवतोय, आणि अडीच महिन्यांनी निवडणूक हरतोय. एका जागेने. जोसेफ कुकच्या पक्षाला ३८, मजूर पक्षाला ३७. सिनेट मात्र मजूर पक्षाकडेच, त्यामुळे कुकला धड काही करता येईना, शेवटी दोन्ही सभागृहं बरखास्त झाली आणि सप्टेंबर १९१४ मध्ये फिशर तिसऱ्यांदा पंतप्रधान.

कोलॅकचं ते वाक्य या निवडणुकीतलं. प्रचार चालू असतानाच युद्ध सुरू झालं आणि ते वाक्य त्याच्या गळ्यात पडलं.

एप्रिल १९१५ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्य तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर लढायला उतरलं. बातम्या येत होत्या पण सेन्सॉर होऊन, गाळून. कीथ मर्डॉक हा पत्रकार लंडनला निघाला होता, त्याला सरकारने वाटेत इजिप्तमध्ये सैनिकांच्या टपालाची चौकशी करायला सांगितलं, तो गॅलिपोलीलाही जाऊन आला आणि २३ सप्टेंबरला त्याने फिशरला लांबलचक पत्र लिहिलं, अधिकाऱ्यांवर घणाघाती टीका आणि ऑस्ट्रेलियन पोरांविषयी प्रचंड जिव्हाळा. त्या पत्रात चुकाही होत्या, पण असं पत्र आपल्या नावाने यावं आणि ती पोरं आपल्याच सरकारने पाठवलेली असावीत, याचं ओझं केवढं असेल? त्या मोहिमेत ८,००० हून जास्त ऑस्ट्रेलियन मेले. ऑक्टोबर संपायच्या आत फिशरने राजीनामा दिला. तब्येत खचली होती, पक्षात ओढाताण होती, त्याच्याच मंत्रिमंडळातल्या बिली ह्यूजचा जोर वाढत होता. ह्यूज पंतप्रधान झाला आणि फिशर लंडनला हायकमिशनर, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा तिथला सरकारी प्रतिनिधी, म्हणून गेला.

१९१६ मध्ये ह्यूजने सक्तीच्या सैन्यभरतीसाठी सार्वमत घेतलं तेव्हा त्याला फिशरची सही हवी होती, लोकांना करायच्या आवाहनावर. शेवटचा माणूस म्हणणाऱ्याचीच सही, याहून मोठा प्रचार कुठला? फिशरने तारेने उलट कळवलं की सही करू शकत नाही, माझ्या पदाला ते चालत नाही. त्याने विरोधात भाषण केलं नाही हे खरं आहे, आणि काहींना तो पळपुटेपणा वाटतो. मला नाही वाटत. स्वतःहून गेलेला माणूस आणि ओढून नेलेला माणूस यातला फरक त्याला कळत होता असं मला ठामपणे वाटतं. सार्वमत थोडक्यात हरलं, पक्ष फुटला, ह्यूज आपली माणसं घेऊन बाहेर पडला.

हायकमिशनरची मुदत १९२१ मध्ये संपली. पुढे त्याची स्मृती जात गेली, आणि १९२८ च्या ऑक्टोबरमध्ये तो लंडनमध्येच वारला. हॅम्पस्टेडच्या दफनभूमीत त्याच्या स्मारकाचं अनावरण १९३० मध्ये रॅम्से मॅकडोनाल्डने केलं. मॅकडोनाल्ड ब्रिटनचा मजूर पक्षाचा पहिला पंतप्रधान, १९२४ मध्ये झालेला. फिशर त्याच्या सोळा वर्षं आधी झाला होता.