जुन्या टाईलवर व्हिनाईल प्लँक: भुसावळच्या घरातला माझा अनुभव

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, गेल्या पावसाळ्यात ओल्या पायाने बाथरूममधून हॉलमध्ये आले आणि चकचकीत टाईलवर सपशेल आडवे झाले. हाड वाचलं, पण त्या दिवसापासून ते भिंत धरून चालायला लागले. उभा जन्म रेल्वेत काढलेला माणूस स्वतःच्या घरात बिचकत पाऊल टाकतो, हे काही बघवेना. हॉल आणि नानांची खोली, एवढ्या दोन ठिकाणची तरी फरशी बदलायची असं ठरलं.

जुनी टाईल उखडायची म्हटलं की मलबा, धूळ आणि घर रिकामं करणं आलं. टाईलवर टाईल चिकटवायची तर टाईल आणि खालचा मसाला मिळून दीड सेंटिमीटर तरी उंची वाढते. मग सगळे दरवाजे खालून कापा, आणि प्रत्येक दारात नवी पायरी तयार होणार, जी नानांसाठी आणखी धोक्याची. लाकडी दिसणारं लॅमिनेट एका दुकानदाराने फार आग्रहाने दाखवलं. पण लॅमिनेटच्या पोटात लाकडाचा दाबलेला भुसा असतो, आणि आमच्याकडे मार्च ते जून खिडकीत कूलर धडधडत असतो. कूलरखाली पाणी साचलं नाही असं खान्देशातलं एक घर मला दाखवा. लॅमिनेटच्या कडा त्यात फुगणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. म्हणून ते बाद.

राहिलं व्हिनाईल, म्हणजे पीव्हीसी प्लॅस्टिकची फरशी. आणि इथे नानांनी पहिला खोडा घातला. ‘प्लॅस्टिकच टाकायचं असेल तर जळगावची चटई आण की, एमआयडीसीत ढिगाने बनते, स्वस्तात पडेल!’ त्यांचं सगळंच खोटं नव्हतं. बाजारात ‘व्हिनाईल’ म्हणून मिळणाऱ्या रोलचा एक प्रकार जाड चटईपेक्षा फारसा वेगळा नसतोच. दुसरा प्रकार दोन-तीन मिलिमीटरच्या लवचिक पट्ट्यांचा. त्या गोंदाने चिकटवतात आणि खालच्या फरशीतला प्रत्येक उंचसखलपणा काही दिवसांनी वर दिसायला लागतो. तिसरा एसपीसी. यात दगडाची, म्हणजे चुनखडीची पूड आणि पीव्हीसी यांचा कडक गाभा, त्यावर लाकडाचं छापील चित्र, त्यावर पारदर्शक थर. पट्ट्या एकमेकींत खाच अडकवून बसतात, जमिनीला चिकटवायच्या नसतात. आम्हाला हाच घ्यायचा होता, आणि त्याचं कारण आमची जमीन.

तापीकाठची काळी माती कापसाला आणि केळीला सोनं आहे, घराला मात्र डोकेदुखी. पावसात ती पाणी पिऊन फुगते, मे महिन्यात आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराखालच्या भरावाचं तेच, फक्त दिसत नाही. आमच्या हॉलचा बाथरूमकडचा कोपरा खचलेला होता, टाईलच्या सांध्यातून सिमेंट निघून गेलं होतं. मिस्तरीने नाणं घेऊन एकेक टाईल ठोकली. जिथे भद्द आवाज आला तिथे खडूची फुली मारली आणि म्हणाला, ‘ताई, वर काय टाकायचं ते नंतर ठरवा. खालची जमीन बसून राहिली, आधी तिच्याकडे बघा.’ मला अख्ख्या कामात मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला हाच, आणि तो फ्लोअरिंगच्या एकाही दुकानात मिळाला नाही.

काम दिवाळीनंतर करायचं हेही त्यानेच सुचवलं. तोवर माती फुगून-आकसून मध्यावर आलेली असते. दरम्यान आम्ही ओल तपासली. हात-दीड हात चौकोनी प्लॅस्टिकचा कागद फरशीवर पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद केला आणि दोन दिवस तसाच ठेवला. खाली थेंब धरले तर जमिनीतून ओल चढते आहे असं समजायचं. आमचा कागद कोरडा निघाला. एसपीसीला स्वतःला पाण्याने काही होत नाही. पण खाली कोंडलेली ओल बुरशी आणि कुबट वास देते.

दुकानं जळगावची पालथी घातली. तिथला पहिला धडा मिलिमीटरचा. ‘सहा एमएम आहे ताई’ असं सांगतात, त्यात खाली चिकटवलेला फोम धरलेला असतो. कडक गाभा किती आणि फोम किती, हे वेगळं विचारावं लागतं. दुसरं, ज्यावर पट्टीचं आयुष्य ठरतं तो वरचा पारदर्शक थर. त्याला वेअर लेयर म्हणतात. घरासाठी 0.3 मिलिमीटर चालतो, वर्दळीच्या जागी 0.5 घ्यावा. आम्ही 0.5 घेतला, कारण हॉलमध्ये बंगई, म्हणजे झोपाळा आहे. बंगईवर बसलेला माणूस पायाने जमीन ढकलत राहतो. आमच्या जुन्या टाईलची चमक नेमकी तेवढ्याच जागी गेली होती. शिवाय आपल्याकडची धूळ. बारीक खडे पायाखाली पॉलिशपेपरचं काम करतात.

नमुन्याचे तुकडे मागून घरी आणले. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली पाहून रंग ठरवू नये. प्रत्येक ब्रँडचा एक तुकडा ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर ठेवला, संध्याकाळी ओट्यावर सपाट ठेवून पाहिला. एकाची कड स्पष्ट उचललेली दिसली, तो ब्रँड गेला. एक बादलीत बुडवून ठेवला. एकावर किल्लीने ओरखडे काढले. खाचेची जीभ बोटाने वाकवून पाहिली, कारण पट्ट्या नंतर तिथूनच सुटतात. आणि मुख्य परीक्षा नानांची: तुकड्यावर पाणी ओतून त्यावर अनवाणी उभं राहायचं. घसरण्याला विरोध किती याची आर9, आर10 अशी श्रेणी असते, आम्ही आर10 मागितली होती. पण नानांनी पाय घासून मान डोलावली तेव्हाच मला खरं वाटलं. रंग फिकट सागवानी घेतला. गडद रंग ऊन जास्त ओढतो आणि त्यावर धूळ उठून दिसते.

भाव प्रतवारीप्रमाणे साधारण 110 ते 160 रुपये चौरस फूट ऐकायला मिळाले, वर 18 टक्के जीएसटी. हॉल 12 बाय 18 आणि खोली 10 बाय 12, म्हणजे 336 चौरस फूट. कापाकापीसाठी दहा टक्के धरून 370 च्या आसपास. आमच्या पट्टीची लांबी 1220 आणि रुंदी 180 मिलिमीटर, खोक्यात दहा, म्हणजे एका खोक्यात साडेतेवीस फुटांच्या किंचित वर. हिशेब सोळा खोक्यांचा. सगळी एकाच बॅचची आहेत ना, हे खोक्यांवरचे नंबर वाचून पाहिलं, नाहीतर छटा बदलते. दुकानदाराने वर फोमचा एक जादा रोलही बिलात घातला होता, तो काढायला लावला. पट्टीला खाली फोम असताना आणखी मऊ थर टाकला की पाय पडेल तिथे पट्टी दबते आणि खाच मोडते. खाली फक्त जाड पॉलिथीन पसरलं.

आता लेव्हल. दोन मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी फरशीवर फिरवायची आणि खाली कुठे उजेड दिसतो ते बघायचं. तीन मीटरमध्ये पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक या फ्लोअरिंगला चालत नाही. आमच्या कोपऱ्यात करंगळी आत जात होती. पोकळ टाईल काढून, खालचा भराव ठोकून त्या पुन्हा बसवल्या आणि खोलगट भागात सेल्फ लेव्हलिंगचं, म्हणजे आपोआप सपाट पसरणारं मिश्रण ओतलं. बरेच जण इथे भिंतीची पुट्टी भरून मोकळे होतात. पुट्टी भिंतीवर ठीक, पायाखाली तिचा भुगा होतो आणि मग चालताना कुरकुर ऐकू येते. या एका कामाला बसवण्याच्या कामापेक्षा जास्त वेळ आणि मजुरी लागली. दोन्ही अजिबात वाचवू नयेत, असं माझं ठाम मत झालं आहे.

खोकी 48 तास त्याच खोल्यांमध्ये आडवी ठेवली, खोलीच्या तापमानाला सरावायला. मग दुकानातर्फे फिटर आला. पोरगा हाताचा चपळ होता. सुरीने रेघ मारून गुडघ्यावर पट्टी कटकन मोडायचा. पण भिंतीलगत फट ठेवायला तयार नाही. ‘मॅडम, फट दिसल, फिनिशिंग जाईल.’ आमचे हे त्याला म्हणाले, ‘भो, मे महिन्यात भुसावळला येऊन बघ, मग सांग फट कशाला लागते ते.’ इथे पारा 45 च्या वर जातो आणि थंडीत पहाटे हुडहुडी भरते. पीव्हीसी तापलं की पसरणारच. पसरायला जागा नसेल तर मधली पट्टी पोट काढून वर येते. शेवटी पट्टीचेच तुकडे पाचर म्हणून लावून चारी बाजूंनी आठ-दहा मिलिमीटरची फट ठेवली. ती वरून पीव्हीसीच्या स्कर्टिंगने झाकली गेली. स्कर्टिंग भिंतीला चिकटवायचं, फरशीला नाही, हेही उभं राहून करून घ्यावं लागलं.

सुरुवात करण्याआधी रुंदी मोजून पहिली ओळ थोडी कापून घेतली, नाहीतर शेवटच्या ओळीत दोन बोटांची चिंधी उरते. आडवे सांधे शेजारच्या ओळीपासून किमान वीतभर सरकलेले हवेत. तीन-चार खोकी एकदम फोडून पट्ट्या मिसळून लावल्या. छापील चित्र ठरावीक पट्ट्यांनी पुन्हा येतं आणि दोन सारख्या गाठी शेजारी आल्या की सागवानाचं सोंग लगेच उघडं पडतं. सुताराने चौकटीचे पाय करवतीने खालून पट्टीच्या जाडीइतके कापले, पट्टी त्यांच्याखाली सरकली. हॉल आणि खोलीच्या मधल्या दारात सलग पट्टी न नेता अॅल्युमिनियमची टी-पट्टी टाकली, म्हणजे दोन्ही खोल्या आपापल्या हलू शकतात. दरवाजाचा चुंबकी स्टॉपर जमिनीत स्क्रूने ठोकायचा नाही, तो भिंतीला लावला. एक स्क्रू जमिनीत गेला की अख्खी फरशी तिथे खिळली.

देवघराखाली जुनीच फरशी ठेवली. समईची पेटती वात पडली तर व्हिनाईलवर कायमचा काळा डाग राहतो. आणि नव्या पट्ट्यांना वास येतो, लपवत नाही. थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करायला घालतात ते रसायन) नसलेला माल मागून घेतला होता, तरी दोन्ही खोल्या खिडक्या उघड्या ठेवून काही दिवस रिकाम्या ठेवल्या. नाना तोवर मधल्या घरात झोपले.

त्यानंतर एक अख्खा उन्हाळा गेला. पट्टी कुठे उचलली नाही. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला आहे, दुपारचं ऊन थेट पडू देत नाही. पण नानांची दुसरी तक्रार मला मान्यच करावी लागली: ही जमीन थंड लागत नाही. मे महिन्यात जेवण झालं की उघड्या पाठीने फरशीवर आडवं व्हायचं, यात जे सुख आहे ते एसपीसीवर मिळत नाही. मधल्या घरात आणि स्वयंपाकघरात आमची कोटा फरशी आहे. ती तशीच ठेवली याचा मला दर दुपारी आनंद होतो, कारण नाना अंथरूण-पांघरूण न घेता तिथेच सापडतात. ज्यांना सगळ्या घरात व्हिनाईल घालायचं आहे, त्यांनी एक खोली तरी दगडाची राखावी.

श्रावणात कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशातली देवी, बसली तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. हळदीकुंकवाचा सडा पडला. लगेच पुसलं ते निघालं. एका कोपऱ्यात रात्रभर राहिलेल्या हळदीचा पिवळा डाग काही दिवसांनी उजेडाने आपोआप फिका पडला. रोजचं काम घट्ट पिळलेल्या पोछ्याचं, बादली ओतून धुणं बंद. अॅसिड तर नकोच. दारातलं रबरी पाठीचं पायपुसणं काढून सुती टाकलं, कारण रबराने व्हिनाईलवर पिवळट डाग पडतो आणि तो जात नाही. उरलेल्या पट्ट्या दिवाणाखाली सपाट ठेवल्या आहेत.

अमळनेरच्या ताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेने, आमचा हॉल पाहून तिथल्या तिथे ‘आमच्याकडेही हेच’ म्हणून जाहीर केलं. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा प्लॅस्टिकचा कागद आणि चिकटपट्टी पर्समध्येच होती. दोन दिवसांनी त्यांनी फोनवर फोटो पाठवला: कागदाच्या आत थेंबच थेंब. त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीलगत पावसाचं पाणी साचतं, भिंतीलाही फूटभर ओल चढलेली आहे. आता त्यांनी आधी मागच्या बाजूला नाली काढायला घेतली आहे. फरशीचं पुढच्या दिवाळीला बघू म्हणाल्या.