क्रोके : स्विंग बसला, आता चेंडू ठेवायला शिकतोय

क्रोके म्हणजे गवतावर मॅलेटने, म्हणजे लांब दांड्याच्या हातोड्याने, चेंडू मारून हूपमधून, म्हणजे रोवलेल्या कमानीतून, पार करण्याचा खेळ. मागची नोंद त्यातल्या गोल्फ क्रोके या प्रकारावर थांबली होती. नवशिक्यासाठी तो प्रकार फार सोयीचा. निळा, लाल, काळा, पिवळा या ठरलेल्या क्रमाने एकेक फटका मारायचा, सगळे एकाच हूपमागे लागलेले. ज्याचा चेंडू आधी पार होईल त्याच्या बाजूला गुण, की सगळे पुढच्या हूपकडे. सात गुण आधी करणारी बाजू जिंकते. हात बसायला याहून चांगली शाळा नाही, असं माझं मत आजही आहे. पण आता मी असोसिएशन क्रोके, म्हणजे दुसऱ्या चेंडूंवर आपला चेंडू मारून जादा फटके मिळवण्याचा प्रकार, खेळायला लागलोय आणि चेंडूकडे बघण्याची नजरच बदलली आहे.

आधी स्विंगबद्दल. मॅलेट साधारण 3 पौंडांचं, चेंडू 1 पौंडाचा. एवढा फरक असताना ताकद लावायची गरज नसते. मॅलेट मागे किती नेलं यावरच अंतर ठरतं. झोका खांद्यातून, मनगटं शांत, आणि चेंडू निघून गेल्यावरही नजर गवतावरच. पकडीचे तिन्ही प्रकार करून पाहिले. सॉलोमन पकडीत दोन्ही हातांची पेरं पुढे येतात, झोका मोठा मिळतो. आयरिश पकडीत दोन्ही तळवे मागून, हूपजवळच्या नाजूक फटक्यांना छान. मी सध्या साध्या पकडीवर आहे, म्हणजे वरच्या हाताची पेरं पुढे आणि खालचा तळवा मागून. आणखी एक सवय मुद्दाम लावून घेतली: चेंडूपासून चार पावलं मागे जायचं, निशाण्याची रेषा बघायची आणि त्या रेषेवरूनच चालत चेंडूपाशी यायचं. पाय आपोआप रेषेला समांतर पडतात.

रोकेचं, म्हणजे आपला चेंडू दुसऱ्यावर मारण्याचं, गणित मांडून बघा. चेंडूचा व्यास 92 मिलिमीटर. कुठल्याही बाजूने निसटता लागला तरी चालतो, म्हणून निशाणा मधोमध धरला तर दोन्हीकडे जवळजवळ 92 मिलिमीटरची मुभा मिळते. सहा मीटरांवर ही मुभा एक अंशाहूनही कमी भरते. हे कळल्यापासून मी लांबच्या रोकेचा हव्यास सोडला. जवळचे, दोन-तीन मीटरांचे रोके खात्रीने लागावेत आणि लांबचे मारायची वेळच कमी यावी, असा खेळ मला आवडायला लागलाय.

अशी वेळ कमी येते ती क्रोके फटक्यामुळे. रोके झाला की आपला चेंडू उचलून त्या चेंडूला चिकटवून ठेवायचा आणि एकाच फटक्यात दोन्ही हलवायचे. त्यानंतर आणखी एक फटका मिळतो. सरावाचा जवळजवळ सगळा वेळ मी इथेच घालवतोय. मॅलेट सपाट ठेवून सरळ मारलं तर तो ड्राइव्ह. पुढचा चेंडू आपल्यापेक्षा तीन-चार पट लांब जातो. मॅलेटच्या डोक्याचा पुढचा भाग किंचित उचलून, फटका लागताच थांबलं की स्टॉप शॉट. पुढचा चेंडू दूर धावतो आणि आपला जवळच राहतो. उलट हात खाली घेऊन, मॅलेट पुढे झुकवून, चेंडूवर वरून दाब देत नेलं की रोल. दोन्ही चेंडू साधारण सारखे जातात. फटक्याचा जोर तोच ठेवून फक्त मॅलेटचा कोन बदलला आणि दोन चेंडूंमधलं अंतर कसं पालटतं ते पाहिलं, तो सराव मला सगळ्यांत जास्त शिकवून गेला. नव्याने सुरू केलेल्यांनी हा एकदा तरी जरूर करून बघावा.

दोन्ही चेंडू वेगवेगळ्या दिशांना पाठवायचे असले की मजा वाढते. पुढचा चेंडू दोन्ही चेंडूंच्या केंद्रांना जोडणाऱ्या रेषेत जातो, म्हणून आपला चेंडू कुठे टेकवून ठेवला यावरच त्याची दिशा ठरते. दोन्ही सारखेच लांब जायला हवे असतील तर मॅलेट दोन दिशांच्या बरोबर मधून चालवायचं. एकाला जास्त लांब जायचं असेल तर त्याच्याकडे झुकवायचं. रोलमध्ये पुढचा चेंडू मॅलेटच्या दिशेकडे थोडा ओढला जातो, तेवढी सूट आधीच धरावी लागते. टेक-ऑफ मात्र माझा अजून कच्चा आहे. त्यात आपला चेंडू लांब जातो आणि दुसरा जवळजवळ जागेवर राहतो, पण तो थोडा तरी हलला पाहिजे. नाहीतर तो फॉल्ट.

हूप पार करण्याबद्दल थोडक्यात. नेहमीच्या हूपची रुंदी चेंडूपेक्षा फक्त 3 मिलिमीटरने जास्त असते, मोठ्या स्पर्धांत त्याहूनही कमी. समोरून, एका यार्डाच्या आतून मारलं तर सपाट, न थांबलेला झोका पुरतो. तिरक्या जागेवरून मात्र जवळच्या खांबाला टाळून आतल्या बाजूने लांबच्या खांबावर चेंडू जावा असा निशाणा धरायचा. चेंडूला पुढची फिरकी असली तर तो खांबाला लागूनही आत ओढला जातो.

आता ब्रेक, म्हणजे एकाच पाळीत एकामागून एक हूप पार करत जाणं. एका हूपपाशी एक चेंडू, पुढच्या हूपपाशी एक, मैदानाच्या मध्ये एक आणि चौथा आपला, ही चार चेंडूंची मांडणी. पुढच्या हूपवर आधीच थांबलेला चेंडू तो पायोनियर, मधला तो पिव्हट. पहिली हूप पार झाली की तिथल्या चेंडूला रोके करून त्याला तिसऱ्या हूपकडे पाठवायचं आणि स्वतः पिव्हटपाशी थांबायचं. पूर्ण आकाराच्या मैदानावर पहिल्या हूपपासून तिसरी हूप तिरकी, सुमारे 25 यार्डांवर असते. पिव्हट मधल्या खुंटाजवळ असला तर आपल्या चेंडूला जायचं अंतर साडेबारा यार्ड, म्हणजे दोनास एक असं प्रमाण होतं आणि थोडा रोल द्यावा लागतो. पिव्हट पहिल्या हूपकडे सरकलेला, आठेक यार्डांवर असला तर साधा ड्राइव्ह बसतो. कागदावर हे काढून पाहिलं तेव्हा अनुभवी खेळाडू पिव्हट नेहमी अशा जागी का ठेवतात, ते लख्ख समजलं. त्यांच्या फटक्यांत अवघड काहीच दिसत नाही, कारण अवघड फटका यायच्या आधीच त्यांनी तो सोपा करून ठेवलेला असतो. या खेळातलं मला सगळ्यांत सुंदर वाटतं ते हेच.

नवशिक्याला हँडिकॅपच्या, म्हणजे कमकुवत खेळाडूला सवलत देणाऱ्या, सामन्यात बिस्क मिळतात, म्हणजे पाळी संपल्यावर लगेच आणखी एक पाळी. मैदानाच्या कडेला रोवलेल्या काड्या त्यांचा हिशेब ठेवतात. अर्ध्या बिस्कवर गुण मिळवता येत नाही, पण चेंडू मांडता येतात. अडचणीत सापडल्यावर सुटका म्हणून बिस्क राखून ठेवण्यापेक्षा, सुरुवातीलाच त्या खर्चून चार चेंडूंची मांडणी उभी करावी, असं माझं ठाम मत झालंय. मांडणी उभी राहिली की तीच पुढच्या हूप मिळवून देते.

सध्या माझा ब्रेक तीन चेंडूंवर बऱ्यापैकी चालतो. चौथा आला की पायोनियर हूपपासून लांब पडतो आणि पुढची हूप अवघड होते. म्हणून येत्या दिवसांत एकच सराव: पहिल्या हूपपासून तिसरीकडे पायोनियर पाठवायचा, आणि तो हूपपासून दोन यार्डांच्या आत थांबतो का ते बघायचं. आपला चेंडू पिव्हटपासून किती लांब राहिला, हेही सोबत मोजणार आहे. हा सराव कुणी वेगळ्या पद्धतीने करत असेल तर पिव्हट कुठे ठेवता ते नक्की सांगा.