रोटरी लॉग ४: सीलनं रडवलं, पण ६० चं ८० करायला दोन मिनिटं लागली

माझदाच्या जुन्या रोटरी इंजिनाचं (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो ते) मॉडेल मी प्रिंट करतोय. मागच्या वेळी एक्सेंट्रिक शाफ्टवर, म्हणजे ज्याचा फुगीर भाग (लोब) सेंटरपासून बाजूला असतो त्या दांड्यावर, अडकलो होतो. पीएलए प्लास्टिकचा शाफ्ट दोनदा तुटला, मग ड्रॉइंग घेतलं आणि सरळ उद्यमनगर गाठलं, तिथं ओळखीचे एक लेथवाले काका आहेत. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "एक्सेंट्रिक कशाचा रं ह्यो? प्रेसचा व्हय?" म्हटलं न्हाई काका, माझदाच्या इंजिनाचा. "स्वराज माझदाचा? तिला तर क्रँक असतोय की!" बरोबरच आहे त्यांचं, आपल्याकडं माझदा म्हणजे ती मिनीबस, पंजाबात बनणारी, डिझेल, पिस्टनवाली. मग मोबाईलवर ॲनिमेशन दाखवलं तर चहा गार होईपर्यंत बघत बसले. दोन दिवसांत माइल्ड स्टीलचा शाफ्ट हातात, लोब बरोब्बर ७.५ एमएम सेंटरबाहेर. पैसे घेतले नाहीत, फिरताना दाखव म्हणाले.

नवीन कोण आलं असेल तर थोडक्यात: मी माझदाचं १०ए इंजिन अर्ध्या स्केलमधे थ्रीडी प्रिंट करतोय, १९६७ च्या कॉस्मो स्पोर्ट कारमधलं. खऱ्यात दोन रोटर, प्रत्येकी ४९१ सीसी, ताकद ११० पीएस. माझ्याकडं सध्या एकच रोटर. स्टेशनरी (न फिरणारा) गिअर ३४ दातांचा आणि रोटरमधला ५१ चा, म्हणजे २:३, खऱ्यातही तेवढेच दात आहेत. त्यामुळं रोटर एकदा फिरेपर्यंत शाफ्ट तीनदा फिरतो. हे वाचून कळत नाही, हातानं फिरवल्यावर कळतं.

आता रडगाणं. रोटरच्या तीन टोकांना एपेक्स सील, म्हणजे गॅस गळू न देणाऱ्या पट्ट्या, असतात, ते हाउसिंगच्या (रोटर ज्यात फिरतो त्या खोक्याच्या) भिंतीला कायम चिकटून राहायला हवेत. मी ३ एमएमच्या पट्ट्या प्रिंट केल्या आणि मागं बॉलपेनच्या स्प्रिंगा घातल्या. हातानं मस्त चाललं. मग उत्साहात शाफ्टला ड्रिल लावलं आणि खर्रर्रर्र... उघडून बघतो तर आतल्या भिंतीवर लाटा! सारख्या अंतरावर, जणू कोणी कंगवा फिरवलाय.

आणि मला हसूच आलं, कारण माझदावाल्यांचं हेच झालं होतं, फक्त त्यांच्यासमोर कंपनी बुडायचा प्रश्न होता. १९६१ ला त्यांनी जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी व्हँकेल इंजिनाचा, म्हणजे ह्याच रोटरीचा, करार केला. लोक याची फार रोमँटिक गोष्ट करतात, मला तसं वाटत नाही, ती अडचणीतली उडी होती. छोट्या कार कंपन्या मोठ्यांमधे विलीन करायचं जपान सरकारच्या डोक्यात होतं, आणि आपल्याकडं दुसऱ्या कोणाकडं नाही असं काहीतरी असल्याशिवाय हिरोशिमाची ही कंपनी वाचणार नाही हे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदांना दिसत होतं. करार झाला, इंजिन आलं, आणि ठराविक तास चाललं की क्रोमच्या भिंतीवर ह्याच लाटा. त्यांनी नाव ठेवलं सैतानाची नखं. १९६३ मधे केनइची यामामोतोंच्या हाताखाली ४७ जणांची टीम बसवली. सील स्वतःच्या फ्रिक्वेन्सीला थरथरतं म्हणून ओरखडे येतात हे कळल्यावर त्यांनी सीलला आडवी-उभी भोकं पाडली, त्यानं फ्रिक्वेन्सी बदलली आणि लाटा गेल्या. पण प्रॉडक्शनला गेलं ते वेगळंच सील, कार्बनमधे ॲल्युमिनियम मुरवलेलं.

मीही आधी भोक पाडायला गेलो, पट्टी तुटली. मग कार्बन म्हणजे काय, तर घरात ६बी पेन्सिल आहे की! सीलवर आणि भिंतीवर चांगलं ग्रॅफाइट घासलं, स्प्रिंग अर्धी कापली. आवाज निम्मा झाला. लाटा अजून येतात, पण जरा उशिरानं.

आता टायटलमधली गंमत. रोटरीची सीसी काढायला तीनच मापं लागतात: शाफ्टची एक्सेंट्रिसिटी (लोब सेंटरबाहेर किती ते), रोटरची त्रिज्या (मध्यापासून टोकापर्यंत), रोटरची जाडी. १०ए मधे १५, १०५ आणि ६० एमएम. ३ गुणिले रूट ३ गुणिले ही तिन्ही, आलं ४९१ सीसी. मग माझदाच्याच नंतरच्या १२ए इंजिनाची मापं टाकली तर १५, १०५, ७०, म्हणजे ५७३. १३बी? १५, १०५, ८०, म्हणजे ६५४. आकार तोच, नुसती जाडी वाढवत गेले! १९७३ च्या तेलसंकटात तहानलेली रोटरी अंगाशी आली, सुमितोमो बँक मदतीला आली, १९७९ ला फोर्डनं जवळपास पाव हिस्सा घेतला, आणि एवढं सगळं होऊनही ती दोन मापं (१५ आणि १०५) जशीच्या तशी. १९९१ ला ल मानची २४ तासांची रेस जिंकणाऱ्या ७८७बी कारमधे पण हेच, ६५४ चे चार रोटर एकामागं एक, ३६२ लॅप. (जुना अपवाद एक आहे, १९६९ च्या लुसे आर१३० कारमधलं १३ए इंजिन, त्रिज्या १२०. आणि अलीकडं एमएक्स-३० कारमधे जनरेटर म्हणून जी रोटरी बसवली तिचीही त्रिज्या १२०! योगायोग असेल, पण मला फार आवडलं.)

म्हणजे माझं काम किती, तर कॅड फाईलमधे ३० चं ४० करायचं. झालं १३बी.

बेसबद्दल राहिलंच. ड्रिल लावलं की टेबल हादरतं म्हणून खाली कॉर्कशीट चिकटवली, आणि नंतर ट्यूब पेटली की १९२० ला ही कंपनी सुरूच झाली ती कॉर्क बनवायला, तोयो कॉर्क कोग्यो नावानं. पुढच्या वर्षी जुजिरो मात्सुदांनी सूत्रं घेतली, १९३१ ला तीनचाकी ट्रक काढला, पुढून मोटरसायकल आणि मागं हौदा, आपल्या जुन्या टेम्पोची आठवण यावी असा. माझदा नाव त्यावरच पहिल्यांदा आलं, मात्सुदाशी जुळणारं आणि पारशांच्या अहुर माझदावरून घेतलेलं. ६ ऑगस्ट १९४५ ला जुजिरोंचा वाढदिवस होता. कारखाना बॉम्ब पडला तिथून पाचेक किलोमीटरवर, मधे हिजियामा टेकडी, म्हणून इमारती उभ्या राहिल्या, पण शहरात गेलेली त्यांची बरीच माणसं परत आली नाहीत, जुजिरोंचा एक मुलगाही. उरलेल्या इमारतींत जिल्ह्याचं सरकारी कामकाज हलवलं, आणि डिसेंबरात तीनचाकी परत बनायला लागली. चार महिन्यांत. माझा एक रोटर सात महिने चाललाय.

असो. ४० एमएमचा रोटर आत्ता प्रिंटरच्या बेडवर आहे, अजून नऊ तास दाखवतंय. सीलसाठी पेन्सिलपेक्षा बरं काही कोणी वापरलं असेल तर सांगा, आणि पितळेची पट्टी म्हणू नका, ती करून झाली.